हिचहायकिंग

हिचहायकिंग म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या अनोळखी गाडीवाल्याला खूण करायची, तो थांबला तर तो जिथवर चाललाय तिथवर त्याच्यासोबत जायचं, आणि भाडं द्यायचं नाही, असा प्रवास. मराठीत याला सरळ लिफ्ट मागणं किंवा लिफ्ट घेणं म्हणतात आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण दोन्ही शब्द तंतोतंत एक नाहीत. ऑफिसातल्या सहकाऱ्याने स्टेशनपर्यंत सोडलं तर ती लिफ्ट झाली, हिचहायकिंग नाही झालं. हिचहायकिंगमध्ये गाडीवाला अनोळखी असावा लागतो, आधी काही ठरलेलं नसावं लागतं आणि पैशाचा व्यवहार नसावा लागतो. यातली पैशाची अट सगळ्यात ढिली आहे. रोमानियासारख्या काही देशांत रस्त्यावर हात करून गाडी थांबवली तरी उतरताना थोडे पैसे देण्याची पद्धत आहे, तरी तिथले लोक आणि तिथे फिरणारे प्रवासी त्याला हिचहायकिंगच म्हणतात. त्यामुळे व्याख्या करताना पैशापेक्षा ‘आधी न ठरवलेलं’ आणि ‘अनोळखी’ या दोन गोष्टींवर जोर देणं जास्त बरोबर वाटतं.

शब्दाची उत्पत्ती

हा शब्द अमेरिकन इंग्रजीतला, आणि लेखी पुरावे 1920 च्या दशकाच्या अगदी सुरुवातीपासून मिळतात. काळ पटण्यासारखा आहे. फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये बाजारात आली, दहा-बारा वर्षांत सामान्य माणसाकडे गाडी दिसू लागली, आणि रस्त्यावर गाड्या वाढल्याशिवाय त्या थांबवायची सवय लागणार नाही हे उघड आहे. शब्द कधी आला याबद्दल त्यामुळे फार वाद नाही. वाद आहे तो त्यातल्या ‘हिच’ या अर्ध्या भागाबद्दल, आणि त्यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इंटरनेटवर यातली कमकुवत उपपत्तीच जास्त फिरते.

‘हिच’ या क्रियापदाचा जुना अर्थ हिसका देणं, झटक्याने हलवणं असा होता. नंतर त्याला अडकवणं, बांधणं हा अर्थ आला, खलाशांच्या भाषेत एका प्रकारच्या गाठीला हिच म्हणू लागले आणि घोडा खांबाला बांधायचा किंवा गाडीला जुंपायचा तर तेही हिच करणंच. लग्न झालं याला ‘हिच झाले’ म्हणतात तेही याच बांधण्यातून.

पहिली उपपत्ती घोड्याची. दोन माणसं आहेत आणि घोडा एकच आहे. एकजण घोड्यावर बसून पुढे जातो, दुसरा मागून चालत येतो. पहिला काही अंतरावर घोडा झाडाला बांधून ठेवतो आणि स्वतः पायी पुढे निघतो, मागचा चालत चालत घोड्यापाशी पोचतो, घोडा सोडतो, त्यावर बसतो, पहिल्याला मागे टाकून आणखी पुढे जाऊन परत घोडा बांधतो, असं करत दोघंही अर्धा वेळ चालत आणि अर्धा वेळ बसून मुक्कामाला पोचतात, शिवाय घोड्यालाही मधेमधे विश्रांती मिळते. बांधा आणि चाला, म्हणजे हिच आणि हाईक, अशी ही फोड. ऐकायला फार छान वाटते आणि ही पद्धत खरोखर होती. इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सन आणि त्याचा शिष्य, पुढे मोठा नट झालेला डेव्हिड गॅरिक हे दोघं 1737 मध्ये लिचफिल्डहून लंडनला निघाले तेव्हा असेच गेले असं गॅरिक सांगायचा. जॉन्सनचा चरित्रकार बॉसवेल हे नोंदवतो पण गॅरिकने त्यात थोडा मीठमसाला घातला असावा असंही सुचवतो. अडचण अशी की या पद्धतीला इंग्रजीत नाव होतं ते ‘राइड अँड टाय’, म्हणजे बसा आणि बांधा. त्यात ‘हिच’ही नाही आणि ‘हाईक’ही नाही. 1971 पासून कॅलिफोर्नियात दोन माणसं आणि एक घोडा अशा शर्यती सुरू झाल्या त्यांचंही नाव तेच जुनं राहिलं. पद्धत जुनी आहे एवढ्यावरून शब्द तिच्यातून आला असं होत नाही.

दुसरी उपपत्ती बर्फातल्या घसरगाडीची. बर्फ पडलेल्या रस्त्यावरून घोड्याची गाडी चालली की पोरं आपली छोटी घसरगाडी दोरीने मागच्या बाजूला अडकवून द्यायची आणि गाडीवाल्याच्या नकळत किंवा त्याने काणाडोळा केला म्हणून फुकटात ओढली जायची. ‘हिच’चा हा अर्थ साधारण 1880 च्या सुमारास सापडतो, म्हणजे हिचहाईक हा शब्द यायच्या चाळीसेक वर्षं आधी. दुसऱ्याच्या चालत्या गाडीला स्वतःला अडकवून घेणं आणि त्याच्या ताकदीवर पुढे जाणं, ही कल्पना नंतरच्या मोटारीच्या लिफ्टला हुबेहूब लागू पडते. शब्दकोशकारांचा कल याच बाजूला दिसतो आणि पुराव्यांचा क्रम बघता तोच बरोबर वाटतो.

‘हाईक’ म्हणजे लांब चालत जाणं. हा शब्द इंग्लंडच्या बोलीभाषेतून आलेला आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो लिखाणात दिसतो, त्याच्या मागचं मूळ पक्कं नाही. पण हिचहाईक शब्दात तो का आला हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण आता तो अर्थ जवळजवळ विसरला गेलाय. सुरुवातीच्या काळात माणूस एका जागी उभा राहून गाडीची वाट बघत नसे. तो निघायचा पायीच, मागून गाडी आली की वळून खूण करायचा, मिळाली लिफ्ट तर ठीक नाहीतर चालणं चालूच. म्हणजे प्रवास मुळात पायी, मधेमधे अडकवून घेतलेला. आजचा हिचहायकर पेट्रोल पंपाशी किंवा हायवेच्या तोंडाशी तासन्‌तास उभा असतो आणि चालतो अगदी कमी, तरी नावातला हाईक तसाच राहिलाय.

‘लिफ्ट’ हा शब्द याहून बराच जुना. उचलणं या मूळ अर्थापासून हातभार लावणं, आणि मग पायी चाललेल्याला वाटेत गाडीत घेणं, हा अर्थ अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्रजीत होता, म्हणजे तेव्हा गाडी अर्थातच घोड्याची. मराठीत लिफ्टने इमारतीतला पाळणा आणि रस्त्यावरची मदत असे दोन्ही अर्थ आणले, शिवाय भाव देणं हा तिसराही (‘त्याने लिफ्टच दिली नाही’). अंगठा दाखवून गाडी थांबवणं याला इंग्रजीत नुसतं ‘थंब करणं’ म्हणतात, तो प्रयोग 1930 च्या दशकात रुळला.

इतर भाषांतले शब्द

इथे एक गंमतशीर गोष्ट दिसते. युरोपातल्या बऱ्याच भाषांनी या प्रवासासाठी इंग्रजीतूनच शब्द घेतला पण प्रत्येकीने वेगळाच तुकडा उचलला. नॉर्वेजियनने हिचहाईकचा मागचा अर्धा भाग घेतला, त्यांचं क्रियापद ‘हाइके’, म्हणजे ज्या भागात चालणं आहे नेमका तोच भाग गाडीत बसण्यासाठी. डच लोक ‘लिफ्टन’ म्हणतात, स्वीडिश ‘लिफ्ता’. फ्रेंचांनी ‘ओतो-स्तॉप’ हा शब्द तयार केला, तो दिसायला इंग्रजी पण इंग्रजीत असा शब्द कुणी वापरत नाही. त्याच धर्तीवर इटालियन, पोलिश आणि रशियनमध्ये ‘ऑटोस्टॉप’ आहे, पोलिश माणूस लिफ्ट मागत नाही तर ‘स्टॉप पकडतो’. चेकमध्ये ‘स्टोपोव्हात’ आणि हंगेरियनमध्ये ‘श्टोपोल्नी’ ही क्रियापदंही त्याच ‘स्टॉप’वरून.

जर्मनने ‘ट्राम्पेन’ घेतला. इंग्रजी ‘ट्रँप’ म्हणजे घरदार नसलेला भटक्या, आणि त्याला इंग्रजीत हलकी छटा आहे, जर्मनमध्ये ती अजिबात नाही. शिवाय इंग्रजीतला ट्रँप स्वतः बहुधा जुन्या डच किंवा उत्तर जर्मन बोलीतल्या ‘पाय आपटत चालणं’ या अर्थाच्या शब्दातून आलेला, म्हणजे शब्द फिरून फिरून घराजवळ परत आला असं म्हणता येईल. जर्मनमध्ये ‘पेर आनहाल्टर’ असाही प्रयोग आहे, आनहाल्टेन म्हणजे थांबवणं, तेव्हा थांबवण्याची कल्पना तिथेही आहेच. हिब्रूतला ‘ट्रेंप’ याच घराण्यातला, आणि लिफ्टसाठी उभं राहायच्या ठरलेल्या जागेला तिथे ‘ट्रेंपियादा’ म्हणतात. चेक भाषेत मात्र ‘ट्रँपिंग’ हा शब्द रानावनात तंबू-शेकोटीचं भटकणं करणाऱ्या एका चळवळीचं नाव आहे, त्याचा लिफ्टशी संबंध लावू नये.

स्पॅनिशमध्ये देश बदलला की शब्द बदलतो. स्पेन आणि अर्जेंटिनात ‘आसेर देदो’, म्हणजे बोट करणं. मेक्सिकोत ‘आवेंतोन’, फेकणं या अर्थाच्या क्रियापदापासून, तेव्हा लिफ्ट देणं म्हणजे माणसाला पुढे फेकून देणं. मध्य अमेरिकेत ‘हालोन’, म्हणजे ओढ किंवा हिसका, आणि हे ‘हिच’च्या मूळ अर्थाच्या किती जवळ जातं बघा, दोघांचा एकमेकांशी संबंध नसताना. क्युबात ‘बोतेया’ म्हणतात, शब्दशः बाटली. याची उपपत्ती वादातली आहे. अंगठा वर केलेली मूठ बाटली तोंडाला लावल्यासारखी दिसते म्हणून, असं काहीजण सांगतात. पण क्युबन स्पॅनिशमध्ये ‘बोतेया’ म्हणजे काम न करता पगार मिळणारी सरकारी नोकरी असाही अर्थ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रचलित होता, आणि फुकटात मिळालेली गोष्ट या अर्थाने तो लिफ्टकडे सरकला असणं जास्त शक्य दिसतं.

पोर्तुगीजमध्ये परत घोडा भेटतो. ब्राझीलमधला शब्द ‘कारोना’, तो मुळात खोगिराखाली घालायच्या चामड्याच्या किंवा कापडाच्या थराचं नाव. पोर्तुगालमधला शब्द ‘बोलेया’, घोडागाडीत गाडीवान बसतो ती जागा. इंग्रजीत मोटरसायकलच्या मागच्या सीटला ‘पिलियन’ म्हणतात, तो शब्द बहुधा स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आलाय आणि खोगिरामागे टाकायची गादी असा त्याचा अर्थ. तेव्हा आपण डबलसीट बसतो ती जागासुद्धा नावाने घोड्यावरचीच आहे. मोटार येऊन शंभर वर्षं झाली तरी दुसऱ्याच्या वाहनावर बसण्याची भाषा घोड्याच्या सामानातून पूर्ण सुटलेली नाही.

रशियनमध्ये ऑटोस्टॉपखेरीज दोन अस्सल शब्द आहेत. ‘पपूत्का’ म्हणजे त्याच वाटेने चाललेली गाडी, फार नेमका शब्द, कारण लिफ्टचं सगळं गणितच त्याच वाटेवर अवलंबून असतं. आणि रस्त्यावर हात करून गाडी थांबवणं याला ‘गलसवात’ म्हणतात, त्याचा खरा अर्थ मतदान करणं. हात वर करून मत द्यायचं तसाच हात गाडीला करायचा, म्हणून. फिनिशमध्ये ‘पेउकालोक्यूती’, अंगठ्याची सवारी, आणि कॅनडातल्या क्वेबेकच्या फ्रेंचमध्येही ‘अंगठा करणं’ असाच प्रयोग आहे.

मराठीत मात्र हे शब्दशः आणून चालणार नाही. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं, नकार देणं. लिफ्ट मागणारा मराठीत गाडीला ‘हात करतो’ किंवा ‘हात दाखवतो’, आणि कुणी थांबलं तर ‘पुढच्या चौकापर्यंत सोडता का’ असं विचारतो. हे ‘सोडणं’ क्रियापद शब्दकोशात लिफ्टच्या शेजारी घ्यायला पाहिजे असं मनापासून वाटतं, कारण आणून सोडणं, नेऊन सोडणं, वाटेत सोडणं या सगळ्यात ते आहे, आणि मागायची लाज न वाटता मागता येईल असा हा आपला शब्द आहे.

खुणा

अंगठ्याची खूण जगभर चालते असा समज आहे तो खरा नाही. उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोपात मूठ मिटून अंगठा वर, हात रस्त्याकडे बाहेर. इराणमध्ये आणि आसपासच्या काही भागांत वर केलेला अंगठा पारंपरिक अर्थाने अपमानाची खूण आहे, तिथे हात लांब करून तळवा खाली ठेवून हलवतात, आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांतही तसंच. इस्रायलमध्ये तर्जनी खाली रस्त्याकडे रोखतात. अंगठाच का, याची खात्रीशीर उत्पत्ती सापडत नाही. रोमन आखाड्यात हरलेल्या योद्ध्याचं काय करायचं ते प्रेक्षक अंगठ्याने सांगत, त्या खुणेशी हिचा संबंध जोडतात पण त्या खुणेचा खरा आकारच अभ्यासकांत वादाचा आहे, त्यामुळे ही जोडणी सोडून दिलेली बरी.

अंगठा किती ओळखीचा झालाय याचं उदाहरण म्हणजे हिचबॉट. कॅनडातल्या संशोधकांनी 2014 मध्ये एक यंत्रमानव बनवला, बादलीचं धड, पोहण्याच्या फोमच्या नळ्यांचे हातपाय, पायात रबरी बूट, आणि एक हात अंगठा वर करून. त्याला चालता येत नव्हतं. कुणी उचलून गाडीत ठेवलं तरच पुढे, नाहीतर रस्त्याच्या कडेला बसून. तो हॅलिफॅक्सहून निघून व्हिक्टोरियापर्यंत, कॅनडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, फक्त लोकांच्या भल्या मनावर पोचला. पुढच्या वर्षी अमेरिकेत 1 ऑगस्ट 2015 ला फिलाडेल्फियात कुणीतरी त्याची मोडतोड केली तेव्हा जगभरच्या लोकांना खरंच वाईट वाटलं. यंत्राची माणसांवर विसंबण्याची ती परीक्षा होती आणि ती हजारो किलोमीटर पास झाली होती हे इथे नोंदवायला हवं.

कायदा आणि सरकारी व्यवस्था

बहुतेक देशांत लिफ्ट मागण्यावर बंदी नसते, बंदी असते ती पायी माणसाने द्रुतगती मार्गावर येण्यावर. ब्रिटनच्या मोटरवेवर, जर्मनीच्या आउटोबानवर कडेला उभं राहता येत नाही पण तिथल्या विश्रांतीच्या थांब्यावर गाडीवाल्याला विचारता येतं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी घेतलेल्या नमुना वाहतूक संहितेत शब्दरचना अशी की लिफ्ट मागण्यासाठी कुणी ‘रोडवे’मध्ये उभं राहू नये. त्याच संहितेत रोडवेची व्याख्या गाड्या चालतात तेवढाच भाग अशी आहे, कडेची पट्टी आणि फुटपाथ वगळून. म्हणजे पांढऱ्या रेषेच्या आत पाय असेल तर गुन्हा, बाहेर असेल तर नाही. काही राज्यांनी हे शब्द बदललेले आहेत, त्यामुळे सगळीकडे एकच नियम धरू नये.

सरकारनेच हिचहायकिंग चालवल्याचीही उदाहरणं आहेत. पोलंडमध्ये 1957 पासून ऑटोस्टॉपची अधिकृत मोहीम होती. प्रवाशाने एक पुस्तिका घ्यायची, त्यात किलोमीटरची कुपनं, जेवढं अंतर गाडीवाल्याने नेलं तेवढी कुपनं फाडून त्याला द्यायची, आणि गाडीवाल्याने ती साठवून पाठवली की बक्षिसांच्या सोडतीत त्याचा नंबर. प्रवाशाला फुकट, गाडीवाल्याला आशा, आणि पुस्तिका हातात दिसली की हा साधा पोरगा आहे याची थोडी खात्री. क्युबात 1990 च्या दशकात इंधनाची भयंकर टंचाई झाली तेव्हा पिवळ्या गणवेशातले कर्मचारी ठरलेल्या थांब्यांवर उभे राहून सरकारी गाड्या थांबवायचे, रिकाम्या जागा असतील तर रांगेतल्या लोकांना बसवायचे. त्यांना ‘आमारियो’, म्हणजे पिवळे, असंच म्हणतात. नेदरलँड्समध्ये लिफ्टसाठी उभं राहायच्या जागा खुणेच्या बोर्डासकट आखून दिलेल्या आहेत.

जवळचे पण वेगळे शब्द

‘जिटनी’ हा 1914-15 च्या अमेरिकेतला प्रकार, खासगी मोटारवाले ट्रामच्या वाटेवर लोकांना पाच सेंटला बसवायचे. जिटनी हे त्या नाण्याचंच बोलीतलं नाव होतं. ठरलेलं भाडं घेऊन चालवलेला धंदा म्हणजे लिफ्ट नाही. ‘होबो’ मालगाड्यांवर चोरून चढणारे, त्यांना कुणी थांबून घेतलेलं नसतं, त्यामुळे तेही वेगळे.

‘कारपूल’ दुसऱ्या महायुद्धातला शब्द. रबर आणि पेट्रोल वाचवायचं होतं, तेव्हा अमेरिकन सरकारने 1943 मध्ये एक पोस्टर काढलं, एकटे गाडी चालवाल तर शेजारी हिटलर बसलाय असं सांगणारं. त्या पोस्टरवर लोकांना कार-शेअरिंग क्लबात सामील व्हा असं आवाहन आहे. आज कार-शेअरिंग म्हणजे सोबत जाणं नाही, एकच गाडी अनेकांनी आळीपाळीने वापरणं, आणि या दुसऱ्या अर्थाची पहिली सहकारी संस्था झुरिकमध्ये 1948 ची मानतात. जुनी कागदपत्रं वाचताना हा फरक लक्षात नसेल तर हमखास घोटाळा होतो.

‘स्लगिंग’ वॉशिंग्टनच्या परिसरातलं, 1970 च्या दशकापासूनचं. तिथल्या एका हायवेवर जास्त प्रवासी असलेल्या गाड्यांसाठी वेगळी लेन केली, नंतर अट किमान तीन माणसांची झाली. एकट्या गाडीवाल्याला दोन माणसं हवी, माणसांना गाडी हवी, मग ठराविक ठिकाणी रांगा लागू लागल्या. गाडी येते, काच खाली होते, ठिकाणाचं नाव पुकारलं जातं, रांगेतले पहिले दोघं बसतात. पैसे नाहीत, गाडीवाल्याने विषय काढल्याशिवाय गप्पा नाहीत, आणि रांगेत बाईमाणूस एकटं मागे ठेवायचं नाही असा संकेत. स्लग म्हणजे खोटं नाणं. बसच्या पेटीत लोक खोटी नाणी टाकत त्याला बसवाले हा शब्द वापरायचे, आणि स्टॉपवर उभे असून बसमध्ये न चढणारे हे त्यांना खोटे प्रवासी वाटले, म्हणून ते स्लग. ही उत्पत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे. हिचहायकिंगच्या मूळ कल्पनेला आधुनिक शहरात सगळ्यात जवळचा प्रकार हाच, कारण अनोळखीपणा आणि बिनपैसा दोन्ही टिकलंय.

‘राइड-शेअरिंग’ शब्दाचं मात्र फार नुकसान झालंय. 2006 मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या, आज ब्लाब्लाकार नावाने चालणाऱ्या सेवेत गाडीवाला खरोखर स्वतःच्या कामाने चाललेला असतो आणि प्रवासी खर्च वाटून घेतात, तिथे शब्द लागू पडतो. ॲपवरून टॅक्सी देणारी लिफ्ट (Lyft) नावाची अमेरिकन कंपनीसुद्धा झिमराइड या खऱ्या सहप्रवासाच्या सेवेतून निघाली, जिचं नाव झिम्बाब्वेतल्या सामायिक टॅक्स्यांवरून ठेवलेलं होतं. पण ॲपवरून बोलावलेला चालक आपल्यासाठीच येतो, तो त्या वाटेने जाणार नव्हताच, तेव्हा ती टॅक्सी. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने 2015 मध्येच आपल्या पत्रकारांना अशा सेवांना राइड-शेअरिंग म्हणू नका असं सांगितलं होतं. ते बरोबर होतं आणि मराठीतही ‘ॲपची टॅक्सी’ म्हणावं.

शास्त्रांतला वापर

जीवशास्त्रात एका प्राण्याने दुसऱ्याच्या अंगावर बसून प्रवास करण्याला फोरेसी म्हणतात, भुंग्यांच्या अंगावरचे माइट किडे हे नेहमीचं उदाहरण. रेमोरा मासा डोक्यावरच्या चकतीने शार्कला चिकटतो, ती चकती म्हणजे बदललेला पाठीवरचा पर. आनुवंशशास्त्रात जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग यांनी 1974 मध्ये हिच-हायकिंग परिणाम मांडला. एखादं फायदेशीर जनुक पिढ्यान्‌पिढ्या पसरत जातं तेव्हा गुणसूत्रावर त्याच्या शेजारी असलेली जनुकं स्वतः काही उपयोगाची नसली तरी सोबत पसरतात, घसरगाडी बांधलेल्या पोरासारखी. अंगठ्याचं टोकाचं पेर मागे खूप वाकतं त्याला ‘हिचहायकरचा अंगठा’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत तो एकाच जनुकाचा गुण म्हणून शिकवतात पण प्रत्यक्षात मोजलं तर सरळ आणि वाकडा असे दोनच गट पडत नाहीत, मधले सगळे कोन सापडतात.